अंधारात हॉरर गेम: खोली, स्क्रीन आणि कान कसे लावायचे?

रातकिडा (धागाकर्ता)

दिवे मालवा, हेडफोन लावा. 'ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट'पासून (२०१०) कितीतरी हॉरर गेम सुरुवातीलाच हे सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. नुसते दिवे मालवले की स्क्रीनवरचा काळा रंग राखाडी दिसायला लागतो. पंख्याच्या घरघरीत पावलं ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला जातो आणि पुढच्या किंकाळीला कानठळ्या बसतात. भीती राहते बाजूला, डोकं तेवढं दुखतं.

खोलीतला अंधार आणि स्क्रीनवरचा अंधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कोणत्या क्रमाने लावायच्या यासाठी हा धागा. उदाहरणाला 'एलियन: आयसोलेशन' (२०१४) घेतो, कारण त्यात ठरलेल्या जागी दचकवणं कमी आणि कान देऊन ऐकणं जास्त.

आधी खोली. खिडकीतून येणारा रस्त्याचा दिवा मुख्य शत्रू. तो समोरून आला तर डोळ्यांत जातो, मागून आला तर स्क्रीनवर उमटतो. साधा पडदा पुरत नाही. जाड ब्लॅकआउट पडदा लावा आणि तो खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त घ्या, कारण उजेड कडेनेच झिरपतो. मग राउटर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, एसीचा आकडा आणि डासांच्या मशीनचा लाल ठिपका. यांच्यावर काळी इन्सुलेशन टेप. रिमोटचा सिग्नल घेणारी काच मात्र झाकू नका, नाहीतर एसी बंद करायला उठावं लागेल.

कंट्रोलरचा दिवाही स्क्रीनमध्ये दिसतो. पीएस४ आणि पीएस५ (प्लेस्टेशन) दोन्हीच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या विभागात तो मंद करायची सोय आहे.

आता सर्वांत जास्त चुकणारी पायरी, गॅमा, म्हणजे गेममधले अंधारे भाग किती उजळ दिसावेत ते ठरवणारं सेटिंग. 'डावीकडचं चिन्ह जेमतेम दिसेल इतपत सरकवा' ही पाटी येते तेव्हा खोलीत ट्यूबलाइट चालू असते. स्क्रीनवर पडलेल्या उजेडाने काळा भाग फिका झालेला असतो, म्हणून आपण गॅमा वर नेतो. नंतर दिवा बंद केला की सगळं धुरकट. तेव्हा आधी दिवा बंद, मग दहा-पंधरा मिनिटं मोबाईलला हात न लावता बसा, आणि नंतर गॅमा लावा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, पण स्वतः उजळ असलेल्या स्क्रीनसाठी तेवढं थांबायची गरज नाही.

बाकी जाणकारांनी प्रकाश टाकावा. (मंद.)

खटपट्या

गॅमाच्या आधी एक पायरी राहिली: एचडीएमआयची रेंज. ही चुकीची असेल तर गॅमा कितीही सरकवा, उपयोग शून्य.

व्हिडिओ सिग्नल दोन प्रकारे जातो. 'फुल'मध्ये काळा म्हणजे ० आणि पांढरा २५५. 'लिमिटेड'मध्ये काळा १६ आणि पांढरा २३५. कन्सोल फुल पाठवतोय आणि टीव्ही लिमिटेड समजतोय, तर १६ च्या खालचं सगळं काळं ठिक्कर होतं. कपाटात कोण उभं आहे ते दिसतच नाही. उलट झालं तर काळ्यावर दुधाची साय आल्यासारखी दिसते.

पीएस५ वर सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन अँड व्हिडिओ', त्यात 'व्हिडिओ आउटपुट', त्यात 'आरजीबी रेंज'. टीव्हीकडे हेच प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने असतं: सॅमसंगमध्ये 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल', एलजीमध्ये 'ब्लॅक लेव्हल', सोनीमध्ये 'एचडीएमआय व्हिडिओ रेंज'. दोन्हीकडे ऑटो ठेवा. ऑटो फसलं असं वाटलं तर दोन्हीकडे लिमिटेड करा. टीव्हीवर 'लो' म्हणजे लिमिटेड. पीसी मॉनिटरला जोडला असेल तर फुल. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशनच्या पानावर खाली 'आउटपुट डायनॅमिक रेंज' आहे, तिथे.

आणि टीव्हीतला 'ब्राइटनेस' हा फसवा शब्द आहे. जुन्या टीव्हींत त्याने काळ्याची पातळी बदलते. उजेड कमी-जास्त करणारं सेटिंग वेगळं, 'बॅकलाइट'. अंधारात डोळ्यांवर येत असेल तर बॅकलाइट कमी करा, ब्राइटनेसला हात लावू नका. नव्या मॉडेलांत काही कंपन्यांनी बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणायला सुरुवात केली आहे, त्यामुळे एकदा सरकवून बघा: पांढरा भाग बदलला तर तो बॅकलाइट, फक्त सावल्या बदलल्या तर ती काळ्याची पातळी.

टीव्हीचा लाइट सेन्सर आणि वीजबचत मोड बंद. दिवा मालवला की सेन्सर स्क्रीन मंद करतो आणि केलेली सगळी मेहनत पाण्यात.

मिणमिणता

खटपट्यांशी सहमत. रातकिड्यांच्या 'मिट्ट काळोख' पंथाशी नाही.

एलसीडी स्क्रीनमध्ये खरा काळा नसतोच. मागचा दिवा सतत जळत असतो आणि पिक्सेल तो अडवतात. एलसीडीचे दोन प्रकार नेहमी भेटतात: आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१ किंवा त्याहून अधिक. मिट्ट खोलीत आयपीएसचा काळा स्पष्ट राखाडी दिसतो, शिवाय कोपऱ्यांत पिवळट चमक. याला उपाय सेटिंगमध्ये नाही, भिंतीवर आहे. टीव्हीच्या मागे मंद पांढरा दिवा लावला की त्याच्या तुलनेत डोळ्याला काळा अधिक काळा वाटतो आणि बुबुळ सतत लहान-मोठं होत नाही, त्यामुळे डोळे शिणत नाहीत.

दिवा म्हणजे एलईडीची पट्टी. ती ६५०० केल्विनची (दिवसाच्या उजेडासारखी पांढरी) घ्या, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर. रंगीत आरजीबी पट्टीचा 'पांढरा' तीन रंग मिसळून केलेला असतो, तो निळसर मारतो. टीव्हीच्या पाठीवर कडेपासून दोन-तीन इंच आत चिकटवा, म्हणजे एलईडीचे दाणे थेट दिसत नाहीत. उजेड किती? भिंतीवरचा उजेड स्क्रीनच्या पूर्ण पांढऱ्याच्या एक दशांशाच्या आसपास. त्याहून जास्त झाला तर नजर भिंतीकडे जाते.

ओलेड स्क्रीन असेल तर ही पट्टी काळ्यासाठी लागत नाही, तिथे पिक्सेल खरोखर विझतो. डोळ्यांच्या आरामासाठी लावली तर चालेल.

काजवा

माझा प्रश्न: ४३ इंची आयपीएस टीव्ही, पीएस५, भिंत फिकट पिस्ता रंगाची. पट्टी टीव्हीच्या यूएसबीवर चालेल का? आणि किती लांब बसायचं?

मिणमिणता

पिस्ता भिंत म्हणजे पिस्ता उजेड. स्क्रीनमागे पांढरा किंवा राखाडी चार्टपेपर चिकटवा, टीव्हीपेक्षा चहूबाजूंनी फूटभर मोठा.

टीव्हीचा साधा यूएसबी पोर्ट ०.५ अँपिअर देतो, म्हणजे २.५ वॉट. दोन मीटरची पट्टी सहसा याहून जास्त ओढते. मग ती लुकलुकते, नाहीतर पोर्ट बंद पडतो. पट्टीच्या वेष्टनावरचा वॉटचा आकडा बघा आणि जुना ५ व्होल्ट २ अँपिअरचा मोबाईल चार्जर लावा. टीव्हीबरोबर चालू-बंद होणार नाही एवढीच गैरसोय.

अंतर: ४३ इंची स्क्रीनची रुंदी ९५ सेंमी. नजरेचा ३० अंश भाग भरायला पावणेदोन मीटर, ४० अंश भरायला १.३ मीटर. हॉररला जवळचं अंतर जास्त लागू पडतं, पण खाली कुणीतरी मळमळीबद्दल लिहीलच.

कानसेन

डोळ्यांवर एवढा खल आणि आवाजाला एक ओळ? 'आयसोलेशन'मध्ये तुमच्या मागावर असलेला परग्रहावरचा प्राणी सगळ्या गेममध्ये मिळून दिसतो त्याच्या कितीतरी पट जास्त ऐकू येतो.

तो कसा चालतो ते कळलं की आवाजाचं महत्त्व कळेल. गेममध्ये दोन थर आहेत. वरच्या थराला तुम्ही कुठे आहात ते सतत माहीत असतं. तो प्राण्याला नेमकी जागा सांगत नाही, 'त्या बाजूला जा' एवढाच इशारा देतो. प्राणी स्वतः फक्त डोळ्या-कानांनी शोधतो. तुमच्यावरचा ताण फार चढला की वरचा थर त्याला परत छतातल्या झडपेत पाठवतो, थोडी उसंत मिळते, पुन्हा खाली सोडतो. म्हणून लोखंडी कपाटात दहा मिनिटं लपून बसणं फुकट. तो त्या परिसरातच घुटमळत राहतो. छतात खडखड आहे की जमिनीवर धपधप, हे कानाने ओळखायचं आणि खडखड सुरू झाली की निघायचं.

यासाठी:

गेममधलं आउटपुट 'हेडफोन' करा. 'टीव्ही' ठेवलं तर मोठे-बारीक आवाज एका पातळीला आणले जातात आणि लांब-जवळ कळत नाही.

आभासी सराउंड एकच ठेवा. विंडोजमध्ये 'विंडोज सोनिक' मोफत आहे, 'डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स' विकत. पीएस५ मध्ये 'टेम्पेस्ट' आधीच आहे. गेमचं स्वतःचं थ्रीडी चालू, वर विंडोजचं आणि त्यावर हेडसेटच्या ॲपचं, असे तीन थर चढवले की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो आणि मागचं-पुढचं कळेनासं होतं.

ब्लूटूथ नको. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथची आवाज दाबून पाठवायची पद्धत) आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. दार उघडल्यावर दाराचा आवाज! त्यात माइकही ब्लूटूथचा असेल तर हेडसेट कॉलच्या मोडमध्ये जातो आणि सगळं टेलिफोनसारखं ऐकू येतं. वायरचा हेडसेट किंवा २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर चालणारा.

पंखा पाचवर असेल तर उघड्या पाठीचे (बाहेरचा आवाज आत येऊ देणारे) हेडफोन बाद. बंद पाठीचे घ्या किंवा पंखा दोनवर आणा. आवाजाची पातळी ठरवायची ती अशी: गेममध्ये शांत जागी उभं राहा, पंखा चालू असताना स्वतःची वाकून चालतानाची पावलं जेमतेम ऐकू येतील इथे थांबा. पुढे कुजबुज ऐकू आली नाही म्हणून वाढवू नका, सबटायटल चालू करा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. आवाज वाढतो तसे हे तास झपाट्याने घटतात.

उंबरठा

विंडोजमधलं 'लाउडनेस इक्वलायझेशन' चालू केलं तर? किंकाळी दबते, कुजबुज वर येते. भित्र्यांसाठी बरं.

कानसेन

किंकाळी दबते, पण अंतरही मरतं. वीस मीटरवरचं पाऊल आणि पाच मीटरवरचं पाऊल सारखंच ऐकू येतं. जिथे दचकवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत अशा गेममध्ये बेलाशक लावा. 'आयसोलेशन'मध्ये लावलं तर मराल.

घुबड

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

व्हीए पॅनेलवाल्यांसाठी भर. अंधाऱ्या बोळात टॉर्च फिरवली की मागे काळी शेपूट राहते ती ग्राफिक्स कार्डाची चूक नाही. व्हीएचे पिक्सेल काळ्यातून गडद राखाडीत यायला वेळ घेतात. मॉनिटरच्या मेनूतला ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलना लवकर बदलायला लावणारं सेटिंग) एक पायरी वाढवा. फार वाढवला तर शेपटीऐवजी उजळ किनार दिसते, मग एक पायरी मागे. गेममध्ये काळा किंचित उचलला तरी शेपूट कमी होते. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढवून काही होत नाही.

ओलेडवाल्यांसाठी: लपून बसल्यावर दोन-तीन मिनिटांत स्क्रीन आपोआप मंद झाली तर घाबरू नका. चित्र हलत नाही म्हणून पॅनेल स्वतःला जपतं. कॅमेरा जोरात फिरवला की परत उजळते. ते बंद करायला सर्व्हिस मेनूत शिरायचे सल्ले नेटवर मिळतील. तिकडे जाऊ नका, वॉरंटी हातची जाईल.

गेममधला मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट करणं) आणि क्रोमॅटिक ॲबरेशन (कडांना रंगीत झाक) बंद. फिल्म ग्रेन (जुन्या फिल्मसारखे चित्रावरचे बारीक दाणे) मात्र आवडीचा प्रश्न. अंधारातल्या उतरत्या छटांत पट्टे दिसत असतील तर थोडा ग्रेन ते लपवतो. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मधलं धुकंसुद्धा मुळात प्लेस्टेशनला लांबचं चित्र काढायला जमत नव्हतं ते झाकायला होतं, आणि तेच त्याची ओळख झालं.

डॉक्टरीण बाई

एक गोष्ट सगळेच टाळताहेत. कन्सोलबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत नेमकं उलट लिहिलेलं असतं: उजेड असलेल्या खोलीत खेळा, स्क्रीनपासून लांब बसा, दर तासाला १० ते १५ मिनिटं थांबा. हे उगाच नाही. काही जणांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने अपस्माराचा झटका येऊ शकतो. अंधाऱ्या खोलीत स्क्रीन आणि भोवतालचा फरक मोठा असतो आणि जवळ बसल्यावर नजरेचा जास्त भाग लुकलुकतो, त्यामुळे धोका वाढतो. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये 'पोकेमॉन'चा एक भाग टीव्हीवर लागला असताना लाल-निळ्या लुकलुकीने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. त्यांतल्या बऱ्याच जणांना आधी कधी झटका आलेला नव्हता.

हॉरर गेममध्ये फडफडणाऱ्या ट्यूबा आणि धोक्याचे लाल दिवे पदोपदी. घरात कुणाला अपस्माराचा इतिहास असेल तर मिट्ट अंधार नको आणि आधी डॉक्टरांशी बोला. खेळताना डोळ्यांसमोर विचित्र दिसणं, पापणी किंवा हात आपोआप उडणं, भान सुटल्यासारखं होणं यांपैकी काही झालं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका, मान वळवा आणि स्क्रीनसमोरून उठा. दोन्ही डोळे नुसते मिटून घेणं पुरेसं नाही, पापणीतून प्रकाश आत जातो. त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही.

मळमळीचं कारण वेगळं. डोळे सांगतात चाललोय, कान आतून सांगतो बसलोय. मिट्ट अंधारात नजरेला टेकायला खोलीतलं स्थिर काहीच दिसत नाही, म्हणून ती वाढते. इथे मिणमिणता यांची पट्टी औषधासारखी. शिवाय 'हेड बॉब' (चालताना कॅमेऱ्याचं वर-खाली हलणं) बंद, एफओव्ही म्हणजे एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं तो कोन वाढवा: मॉनिटर हाताच्या अंतरावर असेल तर ९० ते १००; दोन मीटरवरच्या टीव्हीला ७५-८० पुरतो. तोंडावर पंख्याचा वारा येऊ द्या. मळमळ सुरू झाल्यावर 'थोडं सहन करू' म्हणून खेळत राहिलात तर ती तासन्‌तास जात नाही.

रातकिडा (धागाकर्ता)

मान्य. पुस्तिकेचा मुद्दा धाग्यात वरच यायला हवा होता. मिट्ट काळोखाचा हट्ट सोडतो. एलसीडी असेल तर मागे पट्टी, ओलेड असेल तर आवडीप्रमाणे.

झिरोचा लाल बल्ब लावावा का असं व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलंय. लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर कमी बिघडते हे खरं, पण समोरची स्क्रीन ती आधीच बिघडवते. पाणी प्यायला उठताना अडखळू नये म्हणून पॅसेजमध्ये लावा, खोलीत नको. स्क्रीनमध्ये लाल ठिपका दिसेल.

उंबरठा

पावसाळ्यात लाइट गेली तर? 'आयसोलेशन'मध्ये यंत्रापाशी जाऊनच सेव्ह होतं ना?

खटपट्या

हो. कार्ड घालायचं, तीन दिवे एकेक लागेपर्यंत उभं राहायचं, तेवढ्यात मागून काम तमाम होऊ शकतं. जवळ शत्रू असेल तर यंत्र तसा इशारा देतं, तो गांभीर्याने घ्या. दोन यंत्रांमध्ये बराच पल्ला असतो, त्यामुळे वीज गेली की तेवढं सगळं पुन्हा.

घरच्या इन्व्हर्टरवर मागे किंवा पुढे एक बटण असतं, 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको'. नॉर्मलवर असेल तर बदल व्हायला लागणाऱ्या वेळात कन्सोल बंद पडून परत सुरू होतो. यूपीएसवर टाका, बदल लवकर होतो. मात्र त्या मोडमध्ये व्होल्टेज थोडं खाली-वर झालं तरी तो बॅटरीवर जातो, म्हणून कमी व्होल्टेजच्या भागात बॅटरी लवकर उतरते.

वेगळा यूपीएस घेत असाल तर व्हीए (इथे व्होल्ट-अँपिअर, वरचं पॅनेल नव्हे) आणि वॉट एक समजू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. पीएस५ खेळताना २०० च्या आसपास, ४३ इंची टीव्ही ८० ते १००. म्हणजे काठावर. १००० व्हीए घ्या, यंत्रापर्यंत पोचून सेव्ह करण्यापुरती मिनिटं मिळतात. गेमिंग पीसीला प्युअर साइनवेव्हचा (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) लागतो. त्यातला ॲक्टिव्ह पीएफसीचा पॉवर सप्लाय साध्या यूपीएसवर कधीकधी बदलाच्या क्षणीच बंद होतो. आणि यूपीएसची बीप मिट्ट शांततेत गेममधल्या कुठल्याही किंकाळीपेक्षा जास्त दचकवते हे लक्षात ठेवा.

काजवा

पट्टी, चार्टपेपर, रेंज सगळं लिहून घेतलं. माइकचं काय? गेम खोलीतला आवाज ऐकतो म्हणतात.

कानसेन

'आयसोलेशन'मध्ये ती सोय एक्सबॉक्स वनच्या किनेक्टला (कॅमेरा आणि माइक असलेलं यंत्र) आणि पीएस४ च्या कॅमेऱ्याला होती. चालू केली तर खोलीतल्या आवाजाने प्राणी तुमच्याकडे वळतो. पंखा, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, कशानेही. मेनूत पातळी दाखवणारी पट्टी असते. खोलीतला नेहमीचा आवाज तिच्या उंबरठ्याच्या खाली राहतोय ना ते आधी बघा.

'फॅस्मोफोबिया'त (२०२०, मिळून भूत शोधायचा गेम) मात्र माइक हाच खेळ आहे. बोलायचं बटण दाबून ठेवण्याचा पर्याय निवडा: पीसीवर व्ही जवळच्यांशी, बी वॉकीटॉकीवर. उघडा माइक ठेवलात तर घरातलं बोलणंही भूत ऐकतं आणि शिकारीच्या वेळी आवाजाच्या दिशेने येतं. हातातलं चालू उपकरणही त्याला कळतं, ते बंद करा. हेडफोनऐवजी स्पीकर लावले तर दुसऱ्या खेळाडूंचा आवाज माइकमध्ये फिरून जातो, म्हणून इथे स्पीकर पूर्ण वर्ज्य.

घुबड

भीती झेपत नसेल पण कथा हवी असेल तर 'सोमा' या हॉरर गेममध्ये २०१७ साली 'सेफ मोड' आला. राक्षस असतात, मारत नाहीत. 'आयसोलेशन'मध्ये 'नॉव्हिस' ही सर्वांत सोपी पातळी. अडचण मध्येच बदलता येते, त्यासाठी पहिल्यापासून खेळावं लागत नाही.

काजवा

पीएस५ वर ऑटो ठेवलं तर काळा दुधाळ, दोन्हीकडे लिमिटेड केल्यावर बरोबर दिसतोय. पण लोडिंगचा पांढरा पडदा आला की डोळे दिपतात. बॅकलाइट किती ठेवू?

खटपट्या

आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. सध्या जिथे आहे त्याच्या निम्म्यावर आणा, पाच मिनिटं खेळा, पांढरा अजून टोचत असेल तर पाच-पाचने खाली. सावल्या नाहीशा व्हायला लागल्या की दोन पायऱ्या वर येऊन थांबा. मग गॅमा पुन्हा एकदा लावा, दिवा बंद ठेवून. एचडीआर (उजेड-काळोखात जास्त फरक दाखवणारं चित्र) चालू असेल तर हे लागू नाही. तिथे बॅकलाइट वरच ठेवून पीएस५ चं 'ॲडजस्ट एचडीआर' करायचं, तेही अंधारातच.